नकली दगडाचं ग्वाल्हेर

ग्वाल्हेरच्या किल्ल्याला दरवाजे पुष्कळ आहेत. पण ग्वाल्हेरचा सगळ्यात जास्त फिरलेला दरवाजा किल्ल्यावर कधी नव्हताच. तो 1883 साली घडवला गेला, कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी. त्याच्यामागे तटबंदी नव्हती, पुढे गाव नव्हतं, आणि तो कुणाला अडवण्यासाठी किंवा आत घेण्यासाठी बांधलेलाही नव्हता. ग्वाल्हेरचा पाथरवट वालुकाश्मावर काय काय करू शकतो, हे जगाला दाखवणं एवढंच त्याचं काम. प्रदर्शन आटोपल्यावर ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांनी तो लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमला भेट दिला. मग त्याचे भाग सुटे झाले, खोक्यांत बसले आणि जहाजानं विलायतेला गेले. 1886 मध्ये लंडनला वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याचे प्रेक्षक या दरवाजाखालून गेले. आज तो त्याच म्युझियमच्या, म्हणजे आताच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या, संग्रहात आहे.

या दरवाजामागचा माणूस म्हणजे मेजर जे. बी. कीथ. मध्य भारतातल्या जुन्या वास्तूंची देखभाल त्याच्याकडे होती. ग्वाल्हेरचा किल्ला तेव्हा शिंद्यांच्या ताब्यात नव्हता. 1858 च्या धामधुमीनंतर तिथे इंग्रजांची शिबंदी बसली होती आणि ती 1886 मध्ये, झाशीच्या बदल्यात किल्ला परत मिळेपर्यंत हलली नाही. त्या काळात, 1881 ते 1883 च्या दरम्यान, कीथनं तेली मंदिराची डागडुजी करून घेतली. जुनी देवळं सावरताना त्याच्या लक्षात आलं, की इथे दगड कोरणारे हात अजून शाबूत आहेत, पण त्यांना पोटापुरतं काम नाही. प्रदर्शनाचा दरवाजा हा त्यांच्यासाठी काढलेला रोजगार होता. वेगवेगळ्या शतकांतली नक्षी एकाच कमानीभोवती गोळा झाली. शुद्ध शैलीच्या चाहत्यांना ही खिचडी तेव्हाही रुचली नसेल. पण तो नमुन्यांचा दरवाजा होता, आणि नमुन्यांच्या वहीत कापडाचे सगळेच प्रकार लागतात.

दगड खरा आणि इमारत खोटी, असं हे प्रकरण. याची उलटी बाजूही आहे. माती, कागद, कापड, गिलावा किंवा आता फोम घ्यायचा आणि तो दगड वाटेल असा रंगवायचा. टेबलावर लढाया खेळणारे हौशी लोक जगभर हे करतात. बोटभर उंचीच्या शिपायांसाठी ते वीतभर उंचीचे बुरूज करतात आणि त्यांच्या भिंतींवर चिरे न् चिरा रंगवतात. मराठी घरांत हेच काम दिवाळीत अंगणात होतं. दोघांनाही एकच प्रश्न पडतो: दगड दिसतो तरी कसा? या प्रश्नाचं उत्तर शोधायला ग्वाल्हेरसारखं दुसरं गाव नाही, कारण दगडाला निरनिराळे वेश चढवण्याची इथे हजार-बाराशे वर्षांची सवय आहे.

आधी मूळ दगड पाहू. ग्वाल्हेरचा डोंगर सपाट मुलखातून एकदम वर येतो. उंची शंभर मीटरच्या आसपास, लांबी उत्तर-दक्षिण सुमारे अडीच किलोमीटर, आणि कडे असे ताशीव की तटाची निम्मी कामगिरी निसर्गानंच केलेली. हा वालुकाश्म आहे. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टवर वाढलेल्या डोळ्याला तो पहिल्या भेटीत दगडच वाटत नाही. पिवळसर, तांबूस, मध्येच राखाडी. थरावर थर बसलेले आणि त्या थरांच्या आडव्या रेषा लांबूनही दिसणाऱ्या. बसाल्ट फोडला की वेडावाकडा फुटतो. वालुकाश्म थरांमधून फरशीसारखा सुटतो. म्हणून इकडच्या बांधकामात लांब पट्ट्या, बाहेर झेपावणारे छज्जे, त्यांच्याखालचे घोडे आणि कागद कातरावा तशा जाळ्या दिसतात. महंमद घौस यांच्या सोळाव्या शतकातल्या मकबऱ्याच्या जाळ्या पाहिल्या की हा दगड हाताला किती वळतो ते कळतं. रायगडच्या दगडात असल्या जाळीचा विचारही कुणी केला नसता.

किल्ल्याच्या चढणीवर एक एवढंसं देऊळ लागतं. चतुर्भुज मंदिर. इसवी सन 876 चा शिलालेख तिथे आहे आणि त्यात शून्य हा अंक गोल वर्तुळानं लिहिलेला असल्यामुळे गणिताचे अभ्यासक तिथे वाट वाकडी करून येतात. देवासाठी दिलेल्या बागेची मापं, 187 हात गुणिले 270 हात, आणि रोजचे 50 हार असा तो हिशेब आहे. पण लहान इमारती करणाऱ्यांनी शून्याइतकंच देवळाकडेही पाहावं. हे देऊळ बांधलेलं नाही, कड्यातून कोरून काढलेलं आहे. तरी त्याला खांब आहेत, छत आहे, शिखर आहे. ज्याला एकही सांधा नाही अशा अखंड खडकाला रचलेल्या इमारतीचं रूप दिलेलं आहे. नकली बांधकामाचा ग्वाल्हेरमधला हा फार जुना नमुना, आणि तोही अस्सल दगडातला.

वर तेली मंदिर आणि सास-बहू मंदिरं आहेत. 1093 मध्ये कच्छपघात राजा महीपालाच्या काळात पूर्ण झालेल्या सास-बहूंपैकी मोठ्या देवळाच्या शेजारी तशाच घडणीचं छोटं देऊळ उभं आहे. उत्तरेकडच्या देवळांत भिंतींवर आणि शिखरांवर देवळांच्याच छोट्या प्रतिकृती कोरण्याची रीत होती. मोठ्या शिखराच्या अंगावर लहान शिखरं, त्यांच्यावर आणखी लहान. छोटी वास्तू करणं हा आपल्याकडे पोरखेळ मानला जात नव्हता. तो स्थापत्याचाच एक भाग होता.

यानंतरची गोष्ट रंगाची आहे, आणि ती थोडी विपरीत आहे.

डोंगराच्या पोटात पंधराव्या शतकात, तोमर राजा डुंगरसिंह आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह यांच्या काळात, जैन तीर्थंकरांच्या अवाढव्य मूर्ती कोरल्या गेल्या. उरवाई घाटीतली सर्वांत मोठी मूर्ती सुमारे 57 फूट उंच आहे. बाबर 1528 मध्ये ग्वाल्हेरला आला, त्यानं या मूर्ती पाहिल्या आणि त्या विद्रूप करण्याचा हुकूम दिला. हे त्यानं स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. पुढे जैन समाजानं अनेक मूर्तींची दुरुस्ती केली. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम पाहणीला आला तेव्हा त्यानं नोंद केली, की ही डागडुजी रंगीत गिलाव्यात आहे. म्हणजे कुणा कारागिरानं चुन्यात रंग कालवला, तो शेजारच्या खडकाशी ताडून पाहिला, आणि चेहरा पुन्हा उभा केला. आजचा मॉडेलवाला डबीतला रंग घेऊन जे करतो तेच हे काम, फक्त माप काही शे पट मोठं आणि चूक झाली तर पुसायची सोय नाही.

त्याच बाबरनं मानसिंह तोमराचा राजवाडाही पाहिला. मानसिंह 1486 पासून 1516 पर्यंत गादीवर होता आणि मान मंदिर हा त्याचा वाडा. आज आपण पाहतो तो पिवळ्या-तपकिरी दगडाचा, गोल बुरुजांचा, निळ्या फरशांच्या पट्ट्या मिरवणारा. त्या फरशांवर हत्ती आहेत, मगरी आहेत, बदकांच्या रांगा आहेत, केळीची झाडं आहेत. बाबरनंही केळी टिपून ठेवल्या. पण त्यानं आणखी दोन गोष्टी लिहिल्या: वाडा चुन्याच्या गिलाव्यानं पांढरा केलेला होता, आणि घुमटांवर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे होते.

थोडं थांबून हे चित्र डोळ्यांसमोर आणायला हवं. पांढरा वाडा, निळ्या-हिरव्या-पिवळ्या फरशा, वर सोनेरी घुमट, आणि हे सगळं पिवळ्या कड्याच्या काठावर. ज्या 'पुरातन दगडी' ग्वाल्हेरचे फोटो आपण काढतो ते मानसिंहानं बांधलेलं नाही. ते पाऊस, ऊन आणि दुर्लक्ष यांनी बांधलेलं आहे. उघडा दगड हा वाड्याचा मूळ रंग नव्हे, वयाचा रंग आहे. महाराष्ट्रातल्या गडांचंही काही प्रमाणात तसंच. आज चौथरे आणि जोती उरली आहेत, म्हणून गड म्हणजे काळा दगड असं समीकरण बसलं. त्या जोत्यांवर लाकडाचे खांब होते, चुन्याचा गिलावा होता, कौलं होती.

उघड्या दगडाची आवड लागली ती बऱ्याच अंशी चित्रांमुळे आणि फोटोंमुळे. विल्यम हॉजेस हा इंग्रज चित्रकार 1783 मध्ये ग्वाल्हेरला आला. कॅप्टन कुकबरोबर दक्षिण समुद्राची सफर केलेला हा माणूस. त्याला कडे, ढग आणि पडझड यांचा सोस. त्याच्या चित्रांतून ग्वाल्हेरचा डोंगर विलायतेत पोचला. शंभर वर्षांनी, 1882 मध्ये, लाला दीनदयाळ यांनी लेपेल ग्रिफिन यांच्या दौऱ्यात मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो घेतले आणि त्यांचं पुस्तक 1886 मध्ये निघालं. फोटो अप्रतिम आहेत. पण ते बदामी-तपकिरी एकरंगी आहेत. मान मंदिराची निळाई त्यांत हरवते आणि उरतो तो केवळ दगडाचा पोत.

हॉजेस यायच्या तीनच वर्षं आधी या कड्यानं इतिहासात भलतीच कामगिरी केली होती. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात किल्ला महादजी शिंद्यांच्या माणसांकडे होता. कंपनीचा कॅप्टन पॉपहॅम गोहदच्या राण्याच्या बाजूनं आला. किल्ला तोफांनी पडणारा नव्हता. राण्याच्या हेरांना कड्यावरची चढण्याजोगी एक जागा ठाऊक होती. 3 ऑगस्ट 1780 च्या रात्री शिड्या लावल्या गेल्या. पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेले लोकरी जोडे होते. आधी 16 फुटांचा ताशीव कडा, मग 40 यार्डांची तीव्र चढण, आणि शेवटी 30 फुटांची भिंत, असे तीन टप्पे. कॅप्टन ब्रूस वीस शिपाई घेऊन पुढे चढला आणि उजाडेपर्यंत किल्ला गेला. खडकाचा पोत, उतार, कुठे पाय टेकतो आणि कुठे निसटतो, हे ज्याला माहीत होतं त्यानं बाजी मारली. तीन वर्षांनी महादजींनी किल्ला परत घेतला, हा हिशेबही लागलीच सांगून टाकलेला बरा.

अशाच कारणांसाठी युरोपातल्या राजांनी किल्ल्यांच्या छोट्या प्रतिकृती करून घेतल्या होत्या. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लुव्वा यानं 1668 मध्ये हे काम सुरू केलं. लाकूड, कागद, रेशीम आणि वाळू वापरून सरहद्दीवरची किल्लेबंद गावं 1:600 या मापात उभी केली गेली. वेढा घालायचा तर सेनापतीनं टेबलाभोवती उभं राहून ठरवायचं. त्यांतली कित्येक आज पॅरिसला इन्व्हालिदमध्ये आहेत. पुढे 1812 मध्ये प्रशियात फॉन राइसविट्झ या गृहस्थानं राजाला युद्धखेळाचं टेबल सादर केलं. त्यावर जमिनीचे उंचसखल, रंगवलेले तुकडे हवे तसे मांडता येत. त्याच्या मुलानं 1824 मध्ये खेळाचे नियम छापले आणि प्रशियाचे अधिकारी त्यावर लढाईचे धडे घेऊ लागले. शंभरेक वर्षांनी एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून तो खेळ दिवाणखान्यात आणला. आजची टेबलावरची युद्धं आणि त्यांच्यासाठी रंगवलेले बुरूज ही त्याच घराण्यातली नातवंडं.

ग्वाल्हेरला छोट्या वस्तूंचा शौक राजवाड्यातही होता. माधवराव शिंदे (1876–1925) यांच्यासाठी नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या कंपनीनं चांदीची आगगाडी केली. जयविलास राजवाड्याच्या जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरून ती पाहुण्यांना पेयं आणि सिगार पोचवी. ती आजही तिथे पाहता येते. याच महाराजांचा आगगाडीचा नाद दोन फुटी रुळांच्या ग्वाल्हेर लाइट रेल्वेपर्यंत गेला आणि श्योपूरकडे जाणारी ती चिमुकली गाडी 2020 पर्यंत खऱ्या प्रवाशांना घेऊन धावली. खेळणं मोठं होऊन सार्वजनिक कामाला लागल्याचं असं उदाहरण विरळा.

पण राजवाड्यापेक्षा गल्लीतली कारागिरी या विषयाला जवळची. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचंच लष्कर हे शहर झालं. शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे. त्यांच्यामागे सरदार, कारकून, पुराणिक, गवई, आचारी असा मराठी मुलूखच इकडे आला. चिटणीसांची गोठ, फाळके बाजार, शिंद्यांची छावणी ही नावं आजही पत्त्यांत आहेत. त्याच लष्करात चितेरा ओली आहे, चितेऱ्यांची वस्ती. लग्नकार्यात घराच्या भिंतींवर हत्ती, घोडे, गणपती, वेलबुट्टी काढणारे हे लोक. चुन्याच्या भिंतीला त्यांनी कधी दगडाचा रंग दिला नाही, आणि ते योग्यच होतं: दगड झाकून त्यावर उत्सव काढणं ही मानसिंहाच्या वाड्याशी जुळणारी रीत होती.

मोहरमचे ताबूत हे गल्लीतल्या वास्तुकलेचं दुसरं रूप. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, अभ्रक, बेगड; मनोरे, घुमट, छज्जे, जाळ्या सगळं कातरकामातलं. हुसेन यांच्या करबल्यातल्या कबरीची ही प्रतिकृती. संस्थानी काळात ग्वाल्हेरला दरबाराचाही ताबूत निघे. शिंद्यांच्या घराण्यात त्यात परकं असं काही नव्हतं. महादजींचे गुरू मन्सूरशाह हे बीडचे सूफी संत, आणि त्यांचा उरूस ग्वाल्हेरला अजून होतो. दगडी जाळीच्या गावात कागदी जाळी कातरणाऱ्या कारागिरासमोर मूळ नमुना हाकेच्या अंतरावर होता. मात्र कागद दगडासारखा दिसावा असा त्याचा आग्रह नव्हता. झगमगाट हवा होता.

मग दगडासारखा दिसणारा दगड आपल्याकडे आणला कुणी? माझ्या मते रंगभूमीनं, आणि तिच्यामागून सिनेमानं. मराठी नाटक कंपन्यांच्या बैलगाड्यांतून, पुढे रेल्वेच्या डब्यांतून, पडद्यांच्या गुंडाळ्या गावोगाव फिरायच्या. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा, किल्ल्याचा पडदा. कापडावर चिरे काढायचे, सांध्यांत सावली भरायची, उजेडाच्या बाजूला फिकट रेघ ओढायची. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू पडदे रंगवण्यात नावाजले आणि पेंटर याच नावानं ओळखले जाऊ लागले. आनंदराव लवकर गेले. बाबूरावांनी 1918 च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि चित्रपटात सपाट पडद्यांऐवजी घडीव नेपथ्य आणलं. त्यांच्या 'सिंहगड' या 1923 च्या मूकपटानं किल्ला पडद्यावर नेला. लाकूड, गोणपाट आणि प्लास्टरला दगड बनवण्याची विद्या तिथून पुढे प्रभात फिल्म कंपनीपर्यंत आणि आजच्या गणेशोत्सवातल्या भव्य देखाव्यांपर्यंत आली.

ग्वाल्हेर संस्थानानं मात्र त्याच काळात नकलेचा वेगळाच, अभ्यासू मार्ग धरला. मोरेश्वर बळवंत गर्दे हे संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. मानसिंहाच्या गुजरी महालात त्यांनी वस्तुसंग्रहालय उभं केलं; ग्यारसपूरची प्रसिद्ध शालभंजिका तिथेच आहे. बाघच्या लेण्यांतली भित्तिचित्रं, म्हणजे खडकावर गिलावा देऊन काढलेली चित्रं, झडत चालली होती. संस्थानानं 1921 मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हलदार अशा चित्रकारांना बोलावून त्यांच्या प्रती करून घेतल्या. मूळ चित्रांची नंतर जी दशा झाली ती पाहता या प्रतीच आता मोठा पुरावा आहेत. नक्कल करणाऱ्याला दुय्यम समजणाऱ्यांनी बाघचं उदाहरण जरूर लक्षात घ्यावं.

आता अंगणातल्या किल्ल्याकडे. दिवाळीचा किल्ला ही महाराष्ट्रातल्या मुलांची हक्काची मोहीम, आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडे गेलेल्या मराठी घरांनीही ती बरोबर नेली. विटा आणि दगड रचायचे, चिखलाच्या रबडीत गोणपाट बुडवून त्यावर पसरायचं म्हणजे डोंगराच्या सोंडा आणि घळी आपोआप पडतात. वरून चाळलेली माती थापायची. मोहरी किंवा हळीव पेरायचं. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. कुंभाराकडचे मातीचे मावळे, वाटीचं तळं, गुहेत वाघ, आणि सगळ्यांत वर सिंहासनावर शिवाजी महाराज. मावळा बुरुजापेक्षा उंच आणि महाराज दरवाजापेक्षा मोठे, यावर टेबलावरच्या लढाईवाले हसतील, कारण त्यांच्याकडे 28 मिलिमीटरचा शिपाई म्हटला की दाराची उंचीही त्याच मापात लागते. पण आपल्या जुन्या लघुचित्रांतही राजा इतरांपेक्षा मोठाच काढत. मुलांचं माप मानाचं आहे, फुटपट्टीचं नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र मुलांनी हौशी कारागिरांकडून घेण्यासारखं बरंच आहे. लहान वस्तूची अडचण अशी, की तिच्यावर पडणारा उजेड लहान होत नाही. खऱ्या तटाच्या सांध्यात बोटभर खोल अंधार असतो. वीतभर तटाच्या सांध्यात तो पडतच नाही. त्यामुळे सावली रंगवावीच लागते. पद्धत साधी आहे. आधी सगळ्या भिंतीला गडद रंग द्यायचा. तो वाळला की ब्रशवर फिकट रंग घेऊन कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि भिंतीवरून हलकेच फिरवायचा. उंचवटे उजळतात, खाचा गडद राहतात. मग पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग सांध्यांत सोडायचा. शेवटी दोन-चार चिरे मुद्दाम वेगळ्या छटेचे करायचे, कारण एका खाणीतले दोन दगडसुद्धा सारखे नसतात. एवढ्यानं फोमचा तुकडाही भिंत वाटू लागतो. मातीच्या किल्ल्यात माती चाळून घेण्यामागेही हेच शास्त्र आहे: तळव्याएवढ्या बुरुजावर हरभऱ्याएवढा खडा म्हणजे मापानं धोंडाच झाला.

पण कोणत्या दगडाचा रंग? इथे बहुतेक तयार किल्ले फसतात. बाजारात दिवाळीला प्लास्टर ऑफ पॅरिसचे किल्ले मिळतात, त्यांना सरसकट एकच करडा किंवा तपकिरी रंग फवारलेला असतो. रायगड, विजयदुर्ग, जिंजी सगळे एका डब्यातले. वास्तविक रायगडचा बसाल्ट काळसर, पावसात शेवाळी आणि उन्हाळ्यात तपकिरी. विजयदुर्गात जांभा दिसतो, तो विटकरी आणि भोकाभोकांचा. जिंजी तर ग्रॅनाइटच्या गोलसर शिळांवर वसलेली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं त्यांत हे तिन्ही आहेत. एका यादीत इतके दगड असताना डबी एकच कशाला?

ग्वाल्हेर त्या बारांत नाही. तो मार्च 2024 पासून भारताच्या संभाव्य यादीत वेगळा आहे. तरी महादजींचा हा किल्ला दिवाळीत अंगणात यायला हरकत कसली? करायला तो सोपाही आहे. शिखर नको, कारण डोंगराचा माथा सपाट. कडे उभे ठेवावेत आणि ओल्या मातीवर फुटपट्टीच्या कडेनं आडव्या रेघा ओढाव्यात, म्हणजे वालुकाश्माचे थर उमटतात. पिवळी माती पायाला, तिच्यावर कावेचा कोरडा हात, आणि छज्ज्यांखाली कोळशाच्या पुडीचे उभे ओघळ, कारण पावसाचं पाणी तिथूनच उतरतं. पूर्वेच्या कड्यावर मान मंदिराचे गोल बुरूज. ते आजच्यासारखे मातकट दाखवायचे की बाबरनं पाहिले तसे, हे करणाऱ्यानं आधी ठरवावं आणि पाटीवर साल लिहावं. आणि किल्ले-स्पर्धांच्या परीक्षकांना एक विनंती. कुणी मुलीनं चुन्याचा पांढरा वाडा केला, त्यावर निळीनं बदकं आणि केळी काढल्या, घुमटांना सोनेरी कागद लावला आणि शेजारी 1528 असं लिहिलं, तर 'दगड खरा वाटत नाही' म्हणून तिचे गुण कापू नयेत.